त्रिकोण आधी, सूत्र नंतर

पास्कलच्या त्रिकोणाशी विद्यार्थ्यांची गाठ पडते ती बहुधा अकरावीत, द्विपद प्रमेयाच्या धड्यात. तोवर प्रवेश परीक्षांची घाई सुरू झालेली असते. सूत्र पाठ करायचे आणि पुढे सरकायचे. वास्तविक हा त्रिकोण मांडायला बेरीज आली की पुरे. सर्वांत वर १. मग प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना १ आणि मधला प्रत्येक आकडा म्हणजे त्याच्या डोक्यावरच्या दोन आकड्यांची बेरीज. १ २ १, मग १ ३ ३ १, मग १ ४ ६ ४ १. पाचवीतले मूल हे वहीत सहज करू शकते आणि त्याच वयात ते त्याच्या हाती पडायला हवे.

आपल्याकडे या त्रिकोणाची चर्चा श्रेयापाशी येऊन थांबते. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलाच्या छंदःशास्त्रावरील टीकेत तो ‘मेरुप्रस्तार’ म्हणून समजावला. चार अक्षरांच्या चरणात दोन गुरू सहा प्रकारे बसतात, हे त्यातून कळते. पास्कलचा ग्रंथ छापला गेला १६६५ मध्ये, त्याच्या निधनानंतर. हे सारे खरेच. पण एवढे सांगून छाती फुगवणाऱ्यांपैकी किती जण त्रिकोणाच्या दहा ओळी मांडून पाहतात?

पाहिल्या, तर मूळ संख्या समोर येतात. प्रत्येक ओळ तिच्यातल्या दुसऱ्या आकड्याने ओळखावी आणि टोकांचे १ बाजूला ठेवावेत. ५ च्या ओळीत उरतात ५, १०, १०, ५. सगळ्यांना ५ ने निःशेष भाग जातो. ७ च्या ओळीत ७, २१, ३५ आणि पुन्हा तेच उलट. सगळ्यांना ७ ने. ४ च्या ओळीत मात्र ६ आडवा येतो, ६ च्या ओळीत १५, ९ च्या ओळीत ८४. ११ ला पुन्हा सुरळीत, अगदी ४६२ लासुद्धा. ओळ मूळ संख्येची असेल तरच असे घडते, आणि असेल तर घडतेच. हे सिद्ध झालेले आहे.

आता एखादे चलाख मूल विचारेल, एकेक आकडा कशाला तपासायचा? मधल्या सगळ्यांची बेरीज करून एकदाच भागले तर? ५ च्या ओळीत बेरीज ३०, भाग जातो. ४ च्या ओळीत १४, जात नाही. ही युक्ती ३४० पर्यंत एकदाही चुकत नाही. ३४१ ला चुकते. ३४१ म्हणजे ११ गुणिले ३१, तरीही बेरजेला ३४१ ने भाग जातो. शेकडो उदाहरणे जुळली म्हणून नियम खरा ठरत नाही, हे मुलांना सांगायला याहून चांगला दाखला शोधून सापडणार नाही. अकरावीच्या सूत्रात तो कुठेच दिसत नाही.

एकेक आकडा तपासण्याचा नियम पक्का, पण शंभर अंकी संख्येची ओळ लिहायला विश्वातला कागद पुरायचा नाही. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी नेमका हाच गुणधर्म बहुपदींच्या रूपात घेतला, त्याची लांबी छाटली आणि संख्या मूळ आहे की नाही हे वाजवी पायऱ्यांत, खात्रीने ठरवणारी पद्धत दिली. तिघांपैकी दोघे तेव्हा नुकतेच बी.टेक. झाले होते.