स्वस्तातला झिऑन आणि आपली लॅब

माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून शाळेच्या कॉम्प्युटर लॅबला यंत्रं द्यायची असं ठरल्यापासून आमच्या बॅचच्या ग्रुपवर दिवसाआड एक फोटो येतो. मोठा काळा कॅबिनेट, आत पंखेच पंखे, आणि खाली मजकूर: "नवी घेतली तर बारा येतील, ही जुनी वर्कस्टेशनं वीस येतील. शिवाय आत झिऑन आहे, साधा प्रोसेसर नाही." सगळ्यांचं मत मागवलं आहे. माझं मत बाराच्या बाजूने आहे, आणि ते मी स्वतःचे पैसे घालवून बनवलं आहे.

शाळेतून निघालो तो सिग्नल्समध्ये भरती झालो. निवृत्तीनंतर दिल्लीतच एका कार्यालयात कॉम्प्युटरच्या देखभालीचं काम मिळालं, म्हणून मुनिरक्यात रामा मार्केटच्या मागे तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलगा आपल्याच शाळेत नववीत आहे. २०२३ च्या उन्हाळी सुट्टीत त्याला प्रोग्रामिंग शिकायचं होतं, घरी कॉम्प्युटर हवा होता. दोघे मेट्रोने निघालो. मुनिरक्याहून कालकाजी मंदिर, तिथे गाडी बदलून पुढचं स्टेशन नेहरू प्लेस. तिथल्या एका दुकानदाराने कापडाखालून एक वर्कस्टेशन काढलं आणि म्हणाला, "सर, सुपरकॉम्प्युटर में यही लगता है." एवढ्यावर मी विरघळलो. निवृत्त सिग्नलमन आणि सुपरकॉम्प्युटर! मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, हा दहा वर्षं जुना आहे." मी त्याला गप्प केलं.

दुकानदार खोटं बोलला नव्हता, हेही सांगायला हवं. आमच्या घरापासून जवळच, जेएनयूच्या पलीकडे आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्र आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये जे तीन परम रुद्र सुपरकॉम्प्युटर देशाला अर्पण झाले त्यातला एक तिथे आहे, दुसरा नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीसाठी, तिसरा कोलकात्यात. त्यांच्यात झिऑनच आहेत. फक्त ते कितीतरी नंतरच्या पिढीचे आहेत आणि शेकड्यांनी एकत्र जोडलेले आहेत. आडनाव एक असलं म्हणून नातू आणि आजोबा एकाच वेगाने धावत नाहीत.

मी घेतला त्याचं नाव झिऑन ई५-१६५० व्ही२. २०१३ चा, सहा कोअर, बारा थ्रेड, वेग ३.५ गिगाहर्ट्झ आणि जोर लावला तर ३.९. तेव्हा इंटेलची त्याची यादीतली किंमत सुमारे ५८० डॉलर होती. पुढच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या एका दुपारी, त्याचा पॉवर सप्लाय गेला. बाजारातला साधा पॉवर सप्लाय त्याला बसेना, कारण त्या कंपनीने जोडणी स्वतःच्या मापाची ठेवली होती. तसाच जुना सुटा भाग सापडेपर्यंत तीन आठवडे गेले आणि तेवढ्यात मुलाची सुट्टी संपत आली. वैतागून मी एक नवं साधं यंत्र जोडलं: कोअर आय३-१२१००. हा जानेवारी २०२२ चा, चार कोअर, आठ थ्रेड, कमाल वेग ४.३ गिगाहर्ट्झ, यादीतली किंमत सुमारे १२० डॉलर. जुनं दुरुस्त झाल्यावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवली, आणि तेव्हा डोळे उघडले.

कागदावर पाहिलं तर सहा विरुद्ध चार, आणि वेगात फरक जेमतेम दहा टक्क्यांचा. तरीही एका कोअरवर चालणाऱ्या कामात आय३ पावणेदोन पटीच्या आसपास पुढे जातो, आणि सगळे कोअर कामाला लावले तरी चारजण सहाजणांना मागे टाकतात. कॅडेट्सनो, हे कसं, ते तुम्हाला ड्रिलवरून लगेच कळेल. गिगाहर्ट्झ म्हणजे मिनिटाला किती पावलं पडली. पण पाऊल केवढं पडलं? आपलं तेज चालचं पाऊल ३० इंचांचं ठरलेलं असतं, म्हणून नुसती पावलं मोजून अंतर सांगता येतं. प्रोसेसरचं पाऊल ठरलेलं नसतं. घड्याळाच्या एका ठोक्यात किती सूचना पार पडतात हे प्रत्येक पिढीत बदलतं, आणि या दोघांच्या मधल्या साडेआठ वर्षांत ते पाऊल खूप लांब झालं. शिवाय घरचं नि शाळेचं बहुतेक काम, म्हणजे ब्राउझर, टायपिंग, छोटे प्रोग्राम, एका वेळी एकदोन कोअरवरच चालतं. बाकीचे कोअर विश्राममध्ये उभे असतात, पण रेशन खातात.

रेशनवरून आठवलं. सॉकेटला मीटर लावून पाहिलं. काही काम नसताना जुनं, त्याच्या ग्राफिक्स कार्डासकट, ९० वॉटच्या आसपास ओढत होतं आणि नवं ३० च्या आसपास. जुन्याला ते कार्ड लावावंच लागतं, कारण त्या झिऑनमध्ये चित्र दाखवायची सोयच नाही. आय३ मध्ये ती आतच आहे. दिल्लीत महिन्याला २०० युनिटपर्यंत वापर असला की घरगुती बिल शून्य येतं, त्यामुळे इथल्या प्रत्येक घरात तो आकडा पाठ असतो. आम्ही उन्हाळ्यात तसेही काठावर असतो, त्या यंत्राने आम्हाला पलीकडे ढकललं. बायकोने ते बिल फ्रिजवर लावून ठेवलं होतं. आता लॅबचा हिशोब करा: वीस यंत्रं, दिवसाला सहा तास, महिन्याला २५ दिवस, प्रत्येकी ६० वॉट जास्त. महिन्याला १८० युनिट नुसते बसून राहण्याचे. खोलीत जी उष्णता साठेल ती वेगळी.

आमचे एक मित्र म्हणतात, फौजेत आपण जुन्या हत्यारानेच शिकलो ना? शिकलो. जुनं म्हणून मी काहीच टाकून देत नाही. इस्रोचा विक्रम १६०१ हा सोळा बिटचा प्रोसेसर २००९ पासून प्रक्षेपकांत काम करतो आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत दाखवला गेलेला त्याचा ३२ बिटचा वारस विक्रम ३२०१ मोहालीत १८० नॅनोमीटरवर बनतो, जे आजच्या डेस्कटॉपच्या मानाने खूप जुनं तंत्र आहे. रॉकेटला ते चालतं, कारण तिथलं काम ठरलेलं आहे आणि गरमी, थंडी, हादरे सोसणं वेगापेक्षा महत्त्वाचं आहे. लॅबचं काम ठरलेलं नसतं. दरवर्षी नवा अभ्यासक्रम, नवं सॉफ्टवेअर. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या मान्य प्रोसेसरांच्या यादीत हा झिऑन नाही. लिनक्स घालता येईल, सी-डॅकचं बॉस लिनक्स आहेच, आणि मी स्वतः लिनक्सच वापरतो. पण एव्हीएक्स२ नावाचा सूचनासंच या झिऑनमध्ये नाही, आणि काही नवी सॉफ्टवेअरं तो नसेल तर सुरूच होत नाहीत. तिथे लिनक्सही काही करू शकत नाही.

स्टोअरमध्ये काम केलेल्यांना बीईआर हा शेरा माहीत असेल: दुरुस्ती होईल, पण परवडणार नाही. वीस यंत्रांतली दोनचार पहिल्याच वर्षी तिथे पोचतील, कारण त्यांचे भाग बाजारात नव्हे, दुसऱ्या बंद पडलेल्या यंत्रातच मिळतात. शाळेचे कॉम्प्युटर सर एकटे आहेत. त्यांनी शिकवायचं की सुटे भाग शोधत फिरायचं?

जुन्याचा एक गुण मात्र मला आमच्या खालच्या मजल्यावर कळला. तिथे नागपूरची एक मुलगी भाड्याने राहायची, जेएनयूत पीएचडी करणारी. तिच्या उपग्रह नकाशांच्या फायली एवढ्या मोठ्या की तिचा लॅपटॉप अर्ध्यात मान टाकायचा. तिला ६४ जीबी मेमरी हवी होती. या झिऑनला मेमरीचे चार मार्ग आहेत, चूक आपली आपण दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी चालते, आणि सर्व्हरमधून निघालेली त्या जातीची जुनी मेमरी नेहरू प्लेसला स्वस्तात मिळते. तिला यंत्र दिलं. रात्रभर चालायचं, सकाळी नकाशा तयार. तिथे त्याने आय३ ला हरवलं असं म्हणायला माझी हरकत नाही, निदान माझ्या आय३ ला, ज्यात मी ८ जीबीच घातली होती. वीज? बिल अर्धं अर्धं भरायचं ठरलं होतं.

म्हणून माझी सूचना अशी. लॅबला नवी साधी बारा घ्या, एका यंत्रावर दोन कॅडेट बसले तरी चालतील. आम्ही एका पुस्तकात तिघे बघायचो. आय३ च घ्या असंही नाही, त्या सुमाराचा कोणताही चालेल, पण मेमरी १६ जीबी घाला आणि पॉवर सप्लाय बाजारात सहज मिळतो तोच आहे ना, ते दुकानात झाकण उघडून बघा. पालकांनाही हेच सांगेन. "वर्कस्टेशन" शब्दाला भुलू नका, आधी मुलाला काम काय आहे ते विचारा. मी विचारलं नव्हतं. उलट गप्प केलं होतं.

आणि मोठे, उघडून बघण्याजोगे, स्क्रूने घट्ट बसवलेले जुने प्रोसेसर कॅडेट्सना दिसायला हवेत असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी मी सहमत आहे. नागपूरच्या मुलीचा प्रबंध जमा झाला, ती गावी गेली, आणि यंत्र पुन्हा वर आलं आहे. पुढच्या महिन्यात मुलाला भेटायला येईन तेव्हा ते शाळेत घेऊन येतो. चालू लॅबमध्ये लावू नका, वेगळ्या टेबलावर ठेवा आणि मुलांना हवं तितक्या वेळा उघडू द्या. वजन भरलेल्या ट्रंकेएवढं आहे, गेटवर दोघांना पाठवा. स्क्रू ड्रायव्हर आतच चिकटवून ठेवला आहे.