पुढचा ब्रेक

आमच्या घरी एक फटफटी आहे. हा शब्द हल्ली कोणी वापरीत नाही. माझी मुलगी तिला ‘विंटेज’ म्हणते. गाडी राजदूत. अण्णांनी ती १९७९ साली घेतली, तेव्हा जालना हा जिल्हासुद्धा नव्हता. तो झाला १९८१ च्या १ मेला.

या गाडीविषयी अण्णांचे एकच फर्मान होते : पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. “पुढचा दाबलास की पालथा पडलास!” नुसत्या उपदेशावर त्यांचा कधीच विश्वास नसे. म्हणून त्यांनी पुढच्या ब्रेकची केबलच काढून माजघरातल्या खुंटीला टांगली होती. हँडलवरचा दांडा तेवढा राहिला; दात पडलेल्या माणसाच्या घरातल्या अडकित्त्यासारखा!

वीस वर्षे निभावले. रस्ते रिकामे होते आणि गाडीलाही घाई नव्हती.

१९९९ च्या श्रावणात मी अण्णांना मागे बसवून राजूरच्या गणपतीला निघालो. जालन्याहून पंचवीसेक किलोमीटर. वाटेत एका फरशी पुलावरून पाणी वाहत होते, त्यातून गाडी काढली. पुढे उतारावर एक बैलगाडी अचानक आडवी वळली. मी पाय दाबला, तो जणू लोण्यावर पडला. आणखी जोर केला, तेव्हा ब्रेकने एकदम धरले, मागचे चाक थिजले आणि आम्ही आडवे घसरत गेलो. मला खरचटले. अण्णांच्या नडगीचे हाड मोडले.

अण्णांनी बैलांना दोष दिला, पावसाला दिला, मला तर दिलाच. केबलचे नाव त्यांनी काढले नाही. मीही काढले नाही.

यंदा मुलीला लायसन मिळाले आणि तिने गाडीचा हट्ट धरला. गाडी ढकलत जुन्या जालन्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पुढचे चाक खोलून माझ्यापुढे ठेवले. जन्मभर विभक्तिप्रत्यय शिकवलेला माणूस मी. पण इतके सोपे व्याकरण क्वचितच पाहिले. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा. त्याच्या पोटात अर्धचंद्रासारखे दोन शू, त्यांवर लायनर. दांडा ओढला की कॅम वळतो, शू फाकतात आणि डब्याच्या भिंतीला घासतात. त्यांतल्या एका शूला फिरता ड्रम स्वतःच ओढून घेतो, म्हणून तो अधिक आवळतो. दुसऱ्याला तोच ड्रम मागे लोटतो. दोघे भाऊ एकाच घरात राहतात आणि राबतो एकच, तसे! लायनरला पाणी लागले, तर ते वाळेपर्यंत दोघेही कुचकामी.

“मग पाण्यातून निघाल्यावर काय करायचं, चाचा?”

“हलका हलका ब्रेक लावत चालायचं, सर. गरम होऊन सुकतो. आन् पुढचा पाहिजेच. ब्रेक लागला का सगळं वजन पुढच्या चाकावर येतं. मागचं हलकं होतं. हलकं चाक काय गाडी थांबवणार? फक्त वाळूत, वळणावर पुढचा जोरात नाही दाबायचा.” मग त्यांनी विचारले, “केबल किसने निकाली?”

“ठाऊक नाही,” मी म्हणालो.

नवी केबल घालून घरी आलो. आई ओट्यावर गहू निवडत होती. तिने दांड्याकडे पाहिले आणि हात थांबवला.

“नदीकाठच्या वाळूत वळताना ह्यांनी हाच दाबला होता,” ती म्हणाली. “मी मागे बसले होते. आणि तू पोटात. दोन दिवस हालला नाहीस. त्याच रात्री ह्यांनी ती काढली.”

हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळले.

तेवढ्यात अण्णा काठी टेकत बाहेर आले. दांडा त्यांनी सावकाश दाबला, सोडला, पुन्हा दाबला. चाक हलवून पाहिले, हलले नाही. मग नातीला जवळ बोलावले.

“दोन बोटांनी दाबायचा. हळूहळू. आणि पाय सोबत. वाळू दिसली की आधीच वेग कमी.”

“आजोबा, तुम्ही तर म्हणायचात, हात लावायचा नाही!”

“ते तुझ्या बापासाठी होतं,” अण्णा म्हणाले आणि मागे बसण्यासाठी काठी माझ्या हातात दिली.