फोटो पसरवला त्याने, मग शाळा तिची का सुटते?



आपल्या जुन्नर-आंबेगावात उसाच्या कडेला बिबट्या दिसला की पाच मिनिटांत गावच्या ग्रुपवर मेसेज येतो, "पोरांना एकटं सोडू नका." आणि वाईट प्रसंग घडलाच, तर सगळा गाव त्या घराच्या दारात उभा राहतो. जखमी लेकराला "तुझंच चुकलं" असं कुणी म्हणत नाही.

पण त्याच मोबाईलवर एखाद्या मुलीचा खासगी फोटो आला, तर? तेव्हा मात्र आपण नेमकं उलटं वागतो.

मागच्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई शाळा सुटल्यावर मला भेटायला आली. मुलगी तेव्हा नववीत होती. ओळखीच्याच एका मुलाने तिच्या डीपीवरचा चेहरा भलत्याच फोटोला चिकटवून तो मित्रांना पाठवला होता. आई म्हणाली, "बाई, हे म्हणतात शाळा बंद करा. मामाच्या गावाला पाठवायची, नाहीतर स्थळ बघायचं." मुलीने आठ दिवस धड जेवण केलं नव्हतं.

आणि मी काय विचारलं? "तिने डीपीला फोटो ठेवलाच कशाला?"

आईची मान आणखी खाली गेली. तो प्रश्न आजही मला टोचतो. कारण त्या मुलाने जे केलं, त्यात माझ्या त्या एका वाक्याने भरच घातली.

या गुन्ह्याचं खरं बळ फोटोत नसतं, आपल्या कुजबुजीत असतं. गुन्हेगाराला पक्कं ठाऊक असतं की बोट मुलीकडेच दाखवलं जाणार. १९९४ साली जळगावचं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा ना स्मार्टफोन होता, ना व्हॉट्सॲप. मुलींचे फोटो काढून, ते दाखवण्याची धमकी देऊन अत्याचार केल्याचे आरोप होते. अरविंद इनामदार, मीरा बोरवणकर यांच्यासारखे अधिकारी तपासात होते. तरीही बदनामीच्या भीतीने फार थोड्या जणी बोलायला पुढे आल्या आणि बरेच आरोपी सुटले. तेव्हा कॅमेरा होता, आज मोबाईल आहे. भीती मात्र तीच.

कायदा काय सांगतो?

कायदा आज बऱ्यापैकी स्पष्ट आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ बघा. स्त्रीने फोटो काढायला संमती दिली असली, तरी तो इतरांना दाखवायला संमती दिली नसेल, तर तो पसरवणं गुन्हाच आहे. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं शिक्षा, पुन्हा केल्यास तीन ते सात. म्हणजे "तिनेच पाठवला होता ना" ही पळवाट कायद्यानेच बंद केली आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६ ई, ६७ आणि ६७ अ हीसुद्धा लागतात. २०१८ मध्ये पश्चिम बंगालमधल्या तमलूकच्या न्यायालयाने अशाच एका प्रकरणात आरोपीला पाच वर्षांची शिक्षा सुनावली होती.

मुलगी किंवा मुलगा अठरा वर्षांखालचा असेल, तर कलम ६७ ब आणि पोक्सो कायदा लागतो. संगणकावर बदल करून बनवलेलं चित्रही त्यात येतं. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सांगितलं आहे की मुलांचं असं साहित्य बघणं आणि जवळ ठेवणं हासुद्धा गुन्हा ठरू शकतो. त्यामुळे "मी फक्त पुढे पाठवलं" हे आता चालणार नाही. आणि आपल्या शिक्षकांसाठी महत्त्वाचं म्हणजे, असा प्रकार कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाही पोक्सोखाली गुन्हा आहे. "शाळेचं नाव खराब होईल" म्हणून मिटवामिटवी करता येत नाही.

मग आपण काय करायचं?

सगळ्यात आधी मुलीला सांगायचं, "तुझं काही चुकलेलं नाही. मी तुझ्याबरोबर आहे." बाकी सगळं त्यानंतर.

घाबरून सगळं डिलीट करू नका. कुणी पाठवलं, कोणत्या नंबरवरून, तारीख, वेळ, लिंक हे लिहून ठेवा. मात्र तो फोटो 'पुरावा' म्हणून मुख्याध्यापकांना किंवा नातेवाइकांना पाठवू नका. मोबाईल थेट पोलिसांना दाखवा. हद्द कुठलीही असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. १९३० हा सायबर हेल्पलाईन नंबर आणि मुलांसाठी १०९८ वर्गात फळ्याशेजारी लिहून ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व बालकांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. कुणी धमकी देऊन पैसे मागत असेल, तर एक रुपयाही देऊ नका. मागणी तिथे थांबत नाही, वाढते.

आणि मुलांशीही बोला. आपण मुलींना 'जपून राहा' हे शंभर वेळा सांगतो, पण मुलांना 'असं करू नकोस, आलंच तर पुढे पाठवू नकोस' हे एकदा तरी सांगतो का? कोरोनाच्या काळात आपणच अभ्यासासाठी त्यांच्या हातात मोबाईल दिला. तो कसा वापरायचा, हे शिकवायचं मात्र राहूनच गेलं.

त्या दिवशी मी पुन्हा त्या आईच्या घरी गेले. मुलीची माफी मागितली. नंतर तिच्या वडिलांबरोबर पोलीस ठाण्यात गेले. शाळा सुटली नाही. आज ती दहावीत आहे. पण परवा त्यांच्या वर्गाचा ग्रुप फोटो पाहिला. ती मागच्या रांगेत, मान खाली घालून उभी होती.

तिची मान वर यायला कायदा लागेलच, पण तुमचं-माझं पहिलं वाक्यही लागेल. ते जपून बोलूया.