एक्केचाळिसाव्या दिवशी कोण येतं?

आपल्या समाजात मयतीच्या घरी माणसं कमी पडत नाहीत. बातमी कळली की लोक कामधंदा टाकून येतात. कबर खोदणं, कफन आणणं, गावोगावच्या नातेवाईकांना फोन करणं, यातलं काही घरच्यांना सांगावं लागत नाही. जनाजाला खांदा द्यायला रस्त्याने जाणारा अनोळखी माणूसही गाडी लावून उतरतो. ही आपली मोठी दौलत आहे, आणि तिचा मला अभिमान आहे.

पण ही दौलत आपण फार लवकर संपवून टाकतो. जियारत झाली की निम्मे लोक जातात, चाळिसावा झाला की उरलेले. त्या घराचा खरा खर्च मात्र एक्केचाळिसाव्या दिवशी सुरू होतो. घरभाडं, वीजबिल, मुलांची फी, गाडीचा हप्ता. त्या दिवशी दार वाजवणारा बहुधा घेणेकरी असतो.

माझा एक चुलतभाऊ रिक्षा चालवायचा. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेला. मागे भाभी, दोन शाळकरी मुलं, भाड्याचं घर आणि रिक्षाचं अर्धं कर्ज. चौथ्या दिवसापासून घरात चर्चा सुरू झाली ती चाळिसाव्याची. किती माणसं येतील, देग किती लागतील, मटण कुणाकडून घ्यायचं. त्याच दिवसांत भेटायला आलेल्या त्याच्या स्टँडवरच्या एका मित्राने वेगळाच प्रश्न विचारला, "परमिटचं काय केलं?"

मोटार वाहन कायद्यात याची तरतूद आहे. परवानाधारक वारला तर ज्याच्या ताब्यात गाडी येते त्याला तीन महिने त्या परवान्यावर ती चालवता येते. पण त्यासाठी मृत्यूपासून तीस दिवसांच्या आत परिवहन प्राधिकरणाला तसं कळवावं लागतं. पुढे परवाना वारसाच्या नावावर करून घेण्याची प्रक्रिया वेगळी. म्हणजे चाळिसाव्याची तारीख सगळ्या खानदानाला पाठ, आणि ज्या तिसाव्या दिवसावर त्या घराची रोजीरोटी अवलंबून होती तो एका रिक्षावाल्याशिवाय कुणाला माहीत नव्हता. भाभी इद्दतमध्ये, म्हणून कागद घेऊन आम्ही धावलो. अर्ज वेळेत गेला. आज ती रिक्षा शिफ्टवर चालते आणि तिचा हप्ता तिच्याच कमाईतून जातो. त्या घरी आलेल्या सगळ्या मदतीत सर्वांत मोठी मदत हीच ठरली, आणि तिला झेरॉक्सचे पैसे सोडले तर खर्च काहीच आला नाही.

चाळिसावा करावा की करू नये, यावर मसलकांचे वाद आहेत. त्यात मी पडत नाही. माझा प्रश्न हिशोबाचा आहे. हिजरी सन ८ मध्ये, म्हणजे इ. स. ६२९ मध्ये, मूताच्या लढाईत हजरत जाफर बिन अबी तालिब शहीद झाले. तेव्हा पैगंबर साहेबांनी लोकांना सांगितलं की जाफरच्या घरच्यांसाठी जेवण तयार करा, ते दुःखात आहेत. जेवण शेजाऱ्यांनी शिजवून दुःखी घरी पोहोचवायचं, अशी ही रीत. आपण ती उलटी फिरवली. आता दुःखी घर कर्ज काढतं आणि शेजारी जेवून जातात.

शरियतचा हिशोब स्पष्ट आहे. मयताच्या मालमत्तेतून आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंत वसियत आणि उरलेलं वारसांचं. त्यात अज्ञान मुलांचा वाटा असेल तर त्यातून जेवणावळ घालायचा हक्क मोठ्यांना नाही. हे देवबंदी आणि बरेलवी दोन्हीकडचे उलेमा सांगत आले आहेत. तरीही यतीम मुलांच्या पैशाची बिर्याणी आपण खातो आणि वर मीठ कमी पडलं म्हणतो.

आता दुसरी बाजू. मदत करणारेही काही शेठ नसतात. माझा पगार मध्यम, दोन मुलं शिकतात, बायकोची महिन्याची भिशी आहे. भाऊ गेला त्या आठवड्यात भिशी मोडून सगळे पैसे भाभींना द्यावेत, असं माझ्या मनात आलं. बायको म्हणाली, "भाभींना द्यायचंच. पण किती द्यायचं आणि किती महिने, ते आजच ठरवा. दर महिन्याला पोरांसमोर यावरून बोलणं नको. आणि भिशी मोडू नका, पुढच्या वर्षी आपल्याच मुलीची फी कुणाकडे मागणार?"

तिचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. हजरत सअद बिन अबी वक्कास आजारपणात बहुतेक सगळी दौलत दान करायला निघाले होते. पैगंबर साहेबांनी त्यांना एक तृतीयांशावर थांबवलं आणि तेही पुष्कळ आहे म्हणाले. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत सोडून जाणं चांगलं, हे कारणही सांगितलं. बचत करणं म्हणजे कंजूषपणा नव्हे. जकात अडीच टक्के असते, आणि ती निघते वर्षभर शिल्लक राहिलेल्या पैशावर. ज्याच्याकडे काही शिल्लकच नाही तो जकात कशातून काढणार? विधवा भावजय, यतीम पुतणे गरजू असतील आणि निसाबाचे मालक नसतील तर जकात त्यांना देता येते. दूरच्या संस्थेच्या पावतीबुकाआधी त्यांचा हक्क आहे.

आम्ही चार घरांनी ठरवलं. प्रत्येकाने दर महिन्याच्या पाच तारखेला दीड हजार भाभींच्या बँक खात्यात टाकायचे, दोन वर्षं. जकातीचा भाग त्यातच धरायचा. मागायला लागू नये म्हणून हातात द्यायचं नाही. आमच्या घरात त्यासाठी ईदचे दुसरे जोड बंद झाले, बाहेरचं जेवण बंद झालं. भिशी चालू राहिली. मोठा पुतण्या संध्याकाळी माझ्या मुलासोबत अभ्यासाला बसतो, रविवारी बायको भाभींकडे जाते. मुदत ठरलेली असल्यामुळे देणाऱ्याची कुरकुर नाही, आणि घेणाऱ्यालाही कधी स्वतःच्या पायावर उभं राहायचं आहे ते माहीत आहे.

सरकारी मदतही असते, पण कागद कुणीतरी करावे लागतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस ६० वर्षांच्या आत वारला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदा २० हजार रुपये मिळतात. गरीब विधवांसाठी संजय गांधी निराधार योजनेचं मासिक अनुदान आहे. बँकेतला वारसदार, विमा, रेशनकार्ड हेही पाहावं लागतं. विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. जवळजवळ या सगळ्या मुदती त्याच काळात येतात. म्हणून हे काम दीर, भाऊ, मेहुणे यांचं आहे.

प्रत्येक जमातकडे देग असतात, सतरंज्या असतात, जनाजाचा डोला असतो. त्यांच्यासोबत भिंतीवर एक कागद लावा. कोणता दाखला, किती दिवसांत, कुठे मिळतो. आणि दोन शिकलेल्या पोरांचे नंबर, जे त्या घरासाठी अर्ज भरतील. पुढच्या मयतीत कुणी विचारलं, "चाळिसाव्याला किती माणसं?", तर आपण विचारू या, "एक्केचाळिसाव्याला किती?"