आधी तक्रार, मग निदान

तळेऱ्यात मुंबई-गोवा महामार्गाला दोन रस्ते फुटतात. एक वैभववाडी आणि करूळ घाट करत कोल्हापूरला चढतो, दुसरा विजयदुर्गाकडे उतरतो. या नाक्यावर कबड्डीची चर्चा बारा महिने चालते. कोणाची चढाई कशी, पकड कोणाची भक्कम, मुंबईच्या संघात कोण गेला. बोलता बोलता विषय निघतो एखाद्या अशा खेळाडूचा, की जो गेल्या हंगामात गाजला आणि यंदा पाच मिनिटांत मांड्या धरून बसतो. त्याच्याबद्दलचा निकाल ठरलेला असतो: "इतको धावता, हेका कसलो आजार? नाटका करता." बोलणारा जरा मायेचा असेल तर म्हणतो, "मेहनत कमी पडता. व्यायाम वाढव, सगळा बरा होतला."

हे मत एका गावाचे नाही. ऑलिंपिक पाहणारे आणि सायकलशर्यतींवर लिहिणारेही असेच बोलत आले आहेत. मला ते चुकीचे वाटते, आणि घातकही. खेळाडूची तक्रार ही एक गोष्ट आणि त्या तक्रारीला डॉक्टरांनी दिलेले नाव ही दुसरी. नाव चुकू शकते, दहा वर्षांनी बदलू शकते. म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. आपण मात्र या दोन्ही गोष्टी एकत्र बांधतो, आणि नाव डळमळले की माणसालाच खोटा ठरवतो.

आधी दिसण्याचा मुद्दा घेऊ. शरीर पिळदार तर आजार कसला, असे पूर्वपक्ष म्हणतो. कॅनडाच्या प्रिसिला लोपेस-श्लीपला २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये १०० मीटर अडथळा शर्यतीचे कांस्यपदक मिळाले, पुढच्या वर्षी बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत रौप्य. तिच्या हातापायांवर चरबी जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे प्रत्येक स्नायू आणि शीर उठून दिसे. लोकांनी काय केले? उत्तेजकांचा संशय घेतला. त्याच सुमारास अमेरिकेच्या आयोवा राज्यात जिल व्हाइल्स नावाची एक बाई तिची छायाचित्रे निरखत होती. जिलला एमरी-ड्रेफस हा दुर्मीळ स्नायुविकार. हातपाय अगदी बारीक, चालणे कष्टाचे. पण चरबी नसण्याची तऱ्हा तिला आपली आणि त्या धावपटूची एकच वाटली. कोणी मोठ्या तज्ज्ञाने नव्हे, एका रुग्ण बाईने हे ओळखले. पुढे डॅलसच्या डॉ. अभिमन्यू गर्ग यांच्या तपासणीत तिचे म्हणणे खरे निघाले. दोघींच्याही लॅमिन प्रथिनाच्या जनुकात दोष होता. त्याच जनुकातल्या दोषाने एकीचे स्नायू झिजवले, दुसरीचे उठावदार ठेवले. प्रिसिलाला स्नायुक्षय नव्हता, तिला चरबी न साठण्याचा विकार होता आणि त्यापायी तिच्या रक्तातली चरबी धोक्याच्या पातळीला पोचली होती. पदक घेताना साऱ्या जगाने जे शरीर पाहिले, त्याचा आजार जगाला दिसला नाही. डेव्हिड एपस्टाइन या पत्रकाराने २०१६ मध्ये ही हकिकत लिहिली तेव्हा ती सर्वांना कळली.

डुशेन प्रकारच्या स्नायुक्षयात तर लहान मुलाच्या पोटऱ्या फुगून घट्ट होतात. घरातले कौतुकाने म्हणतात, हा पैलवान होणार. प्रत्यक्षात तिथे निकामी झालेल्या स्नायूच्या जागी चरबी आणि तंतू भरत असतात, आणि मूल जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत उभे राहू लागते. त्या पोटऱ्यांचे कौतुक करण्यात जी दोन-तीन वर्षे जातात, त्यांचा मला फार राग येतो.

आता पूर्वपक्षाचा सगळ्यात जोरकस मुद्दा: "हरायला लागला की आजार काढतो." यासाठी सर्वांत मोठे उदाहरण आहे ग्रेग लेमाँड या अमेरिकन सायकलपटूचे. १९८६ मध्ये 'टूर द फ्रान्स' जिंकणारा तो पहिला अमेरिकन. एप्रिल १९८७ मध्ये शिकारीला गेला असताना मेव्हण्याच्या बंदुकीतले छर्रे चुकून त्याच्या पाठीत आणि कुशीत घुसले. मरता मरता वाचला. तीसहून अधिक छर्रे काढता न आल्याने शरीरातच राहिले, काही हृदयाच्या आवरणात. तरी १९८९ मध्ये त्याने पुन्हा टूर जिंकली, तीही शेवटच्या दिवशी लॉराँ फिन्याँला अवघ्या ८ सेकंदांनी मागे टाकून. १९९० मध्ये तिसऱ्यांदा जिंकली. १९९१ मध्ये तो सातवा आला, १९९२ मध्ये शर्यत अर्धवट सोडली, १९९४ मध्येही सोडली. त्या वर्षअखेरीस निवृत्ती जाहीर करताना त्याने कारण सांगितले: मायटोकॉन्ड्रियल मायोपथी. पेशीतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणाच बिघडल्याने स्नायू लवकर थकण्याचा हा आजार.

लोकांनी मान हलवली. तीन वेळा टूर जिंकणाऱ्याच्या पेशीत ऊर्जा कमी? शंका अडाणीपणाची नव्हती, हे मी मान्य करतो. त्या काळात सायकलशर्यतींत ईपीओ या उत्तेजकाचा सुळसुळाट झाला होता आणि सगळा ताफाच वेगवान झाला होता, असे स्वतः लेमाँडही सांगत आला आहे. पुढे २००७ मध्ये तर त्याने स्वतःच्याच निदानावर शंका घेतली. कदाचित ही मायोपथी नसेल, शरीरात राहिलेल्या छर्ऱ्यांतले शिसे कठोर सरावाने रक्तात उतरत असेल आणि त्याने थकवा येत असेल, असे तो म्हणाला.

पूर्वपक्ष इथे विजयाने उभा राहतो: बघा, आजार नव्हताच! पण यातून निघते काय? उतरणारा वेग आकड्यांत नोंदलेला होता. डोंगरावर कोणत्या वर्षी किती वेळ लागला, हे एकट्या लेमाँडने नाही, पंचांच्या घड्याळांनी टिपले. त्याचे म्हणणे होते की माझे शरीर पूर्वीसारखे काम करत नाही. हे वाक्य १९९४ मध्ये खरे होते, २००७ मध्येही खरेच राहिले. बदलले ते कारणाबद्दलचे अनुमान. जो माणूस तेरा वर्षांनी स्वतःचे कारण पुन्हा तपासतो, त्याच्यावर बहाणा करण्याचा आरोप टिकत नाही. बहाणा करणारा आपला बहाणा सोडत नसतो. मला तर वाटते, शरीराचे अव्वल खेळाडूइतके ऐकणारे आणि त्याची इतकी नोंद ठेवणारे दुसरे कोणी नसते. सामान्य माणसाला ताकद निम्मी झाल्यावर कळते, धावपटूला अर्ध्या सेकंदात कळते. त्याच्या तक्रारीला कमी वजन देणे हे साक्षीदारांपैकी सर्वांत जाणकार साक्षीदाराला घरी पाठवणे होय.

"सुरुवातीला रडतो, मग बघा कसा खेळतो" हा आक्षेप गावोगाव ऐकू येतो, आणि त्याचे उत्तर वैद्यकात १९५१ पासून आहे. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये ब्रायन मॅकआर्डल यांनी एका तिशीतल्या माणसाची तपासणी केली. थोड्या श्रमानेही त्याचे स्नायू दुखत, कडक होत. श्रम केल्यावर इतरांच्या रक्तात लॅक्टेट वाढते, ते त्याच्या रक्तात वाढत नव्हते. कारण स्नायूत साठवलेले ग्लायकोजेन फोडणारे विकरच त्याच्याकडे काम करत नव्हते. कणगी भाताने भरलेली, पण तिला तोंडच नाही, अशी अवस्था. मॅकआर्डल यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आजाराच्या रुग्णांचे एक वैशिष्ट्य आहे: पहिली आठ-दहा मिनिटे असह्य जातात, मग रक्तातली साखर आणि चरबी स्नायूंपर्यंत पोचू लागते आणि माणूस बराच सुकर चालू-धावू लागतो. म्हणजे कबड्डीच्या वीस मिनिटांच्या डावातला पहिला अर्धा तो मांड्या धरून काढणार आणि दुसऱ्या अर्ध्यात चढाई करणार. बाहेरून पाहणाऱ्याला हेच नाटकाचा पुरावा वाटते, डॉक्टरला हीच आजाराची खूण. जबरदस्तीने त्या पहिल्या दहा मिनिटांत जोर लावायला लावले, तर स्नायू फुटून लघवी गडद तपकिरी होते आणि मूत्रपिंड बंद पडू शकते.

मायोटोनिया या आजारात मूठ आवळली की चटकन उघडत नाही, काही वेळा उघडझाप केल्यावर सैल होते. शरीर मात्र भरदार दिसते. युलियस थॉमसेन या डॉक्टरने १८७६ मध्ये हा आजार प्रथम तपशिलाने मांडला, तो स्वतःचा आणि आपल्या घराण्याचा. कारण त्याच्या मुलावर सैन्यातली नोकरी चुकवण्यासाठी सोंग केल्याचा आरोप आला होता. बापाला मुलाची अब्रू राखण्यासाठी घराण्याचा आजार छापावा लागला.

मायस्थेनिया ग्रेव्हिस आपल्याला निदान नावाने तरी ठाऊक असायला हवा. अमिताभ बच्चन यांना तो १९८० च्या दशकात झाला आणि विजय तेंडुलकर यांचे २००८ मध्ये पुण्यात निधन झाले तेव्हा ते याच आजाराशी झगडत होते. यात मज्जातंतूचा निरोप स्नायूला नीट पोचत नाही. सकाळी पापणी उघडी असते, संध्याकाळी गळलेली. विश्रांती घेतली की पुन्हा ताकद. सकाळी पाहणाऱ्याला रुग्ण धडधाकटच दिसणार. तेंडुलकरांची नाटके आपण पाठ केली, त्यांच्या आजाराचे नाव वर्तमानपत्रात एक दिवस वाचून विसरलो.

"घाम गाळ, बरा होशील" हा सल्लाही तपासून घ्यावा लागतो. काही डॉक्टर पूर्वी उलट टोकाला जाऊन अंथरुणावर पडून राहायला सांगत. तेही योग्य नव्हते. मॅकआर्डल आणि मायटोकॉन्ड्रियल आजारांत बेताचा, मोजून केलेला चालण्या-सायकलीचा व्यायाम उपयोगी पडतो असे अभ्यासांतून दिसले आहे. डुशेनमध्ये मात्र स्नायूवर जड ओझे टाकले तर तो अधिक फाटतो. एकाच शिट्टीवर सगळ्यांना उठाबशा काढायला लावणारा प्रशिक्षक कोणाला औषध देतो आणि कोणाला विष, हे त्याला ठाऊक नसते. जिद्दीने आजारावर मात केली अशा कथा छापणाऱ्यांनाही माझे हेच सांगणे आहे. अशा कथांमुळे ज्याची ताकद उतरत जाते त्याला वाटते, जिद्द कमी पडली.

डॉक्टरांकडेही एक बोट दाखवणे भाग आहे. स्नायू झिजले की रक्तात एसजीओटी, एसजीपीटी वाढतात. ते यकृताचे आकडे समजून किती मुलांना काविळीच्या मुळ्या आणि यकृताची औषधे दिली जातात! शेजारी सीपीके हा स्नायूंचा आकडा मोजला असता तर स्नायूचा संशय त्याच दिवशी आला असता. खेळाडूच्या बाबतीत आणखी एक पेच: कडक सरावानंतर निरोगी माणसाचाही सीपीके खूप चढतो. म्हणून काही दिवस पूर्ण विश्रांती देऊन पुन्हा मोजावा लागतो. हे काम गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात किंवा कोल्हापूरला जाण्याआधी तालुक्याच्या प्रयोगशाळेतही होऊ शकते.

शेवटी राहतो तो थकलेल्या माणसांचा प्रश्न: औषधच नाही तर नाव कळून काय करायचे? पुष्कळ काही. मायस्थेनियाला औषधे आहेत. मॅकआर्डलमध्ये श्रमाआधी साखरेचे पाणी घेतल्याने ती पहिली कठीण मिनिटे सोपी जातात, हे २००३ मध्ये प्रयोगाने दाखवले गेले. डुशेनच्या मुलाला शस्त्रक्रियेच्या वेळी भुलीचे एक ठरावीक औषध प्राणघातक ठरू शकते, म्हणून भूलतज्ज्ञाला आधी ठाऊक असावे लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्नायुक्षयाचे नाव आहे, आणि दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली मुंबईचे के. ई. एम. हे उपचाराचे मान्यताप्राप्त केंद्र आहे. निदानाचा कागद नसेल तर यातले एकही दार उघडत नाही. एमरी-ड्रेफसमध्ये तर हातपायांपेक्षा हृदयाला धोका मोठा असतो, ठोके मंदावत जातात. जिल व्हाइल्सने कॉलेजच्या वयात शास्त्रीय लेख वाचून स्वतःच्या आजाराचे नाव शोधले, तेव्हा वडिलांनाही तोच असणार हे तिच्या लक्षात आले. तिने त्यांना हृदयतज्ज्ञाकडे पाठवण्याचा आग्रह धरला. ठोके धोकादायक मंद आढळले, पेसमेकर बसवला गेला आणि त्यावर ते पुढे अनेक वर्षे जगले.