वाट पाहण्याचे वर्ग

२०२५ च्या ज्युबिली वर्षात आमच्या परिचयाच्या एका धर्मग्रामातून चाळीसेक यात्रेकरू रोमला गेले. ‘आशेचे यात्रेकरू’ हे त्या वर्षाचे ब्रीद होते आणि यात्रेच्या पत्रकावरही ते ठळक अक्षरांत छापलेले होते. मात्र त्याच पत्रकावर खाली दोन दर होते. एक साधा. दुसरा त्याच्या तिपटीहून अधिक, आणि त्याच्यापुढे सोनेरी अक्षरांत लिहिले होते: बिझनेस क्लास, विमानात पाय पसरून झोपण्याची सोय, विमानतळावर खास लाउंज. सहा जणांनी दुसरा दर भरला, उरलेल्यांनी पहिला. यात्रा एक, मिस्सा एक, पवित्र दार एक. परंतु मुंबईच्या विमानतळावर पाऊल टाकताच आशेच्या यात्रेकरूंचे दोन गट झाले.

यात्रेकरू परतल्यावर धर्मग्रामात आभाराची प्रार्थनासभा झाली. आम्हीही गेलो होतो. संत पेत्राच्या मंदिराविषयी काही ऐकावे या आशेने आम्ही कान टवकारून बसलो. पण चहाच्या वेळी चर्चा रंगली ती बिछान्यासारख्या आसनाची, लाउंजमधल्या पदार्थांची आणि गरम टॉवेलची. त्याच गटात एक वृद्ध विधवा होती. तिने कित्येक वर्षे पै पै साठवून ही यात्रा केली होती. एका मुलीने तिला कौतुकाने विचारले, “मावशी, तुम्ही कुठल्या क्लासने गेलात?” मावशी हसल्या आणि म्हणाल्या, “मागच्या, बाळ.” त्यांना पोपमहोदयांचे दर्शन कसे घडले, हे मात्र कोणी विचारले नाही. हा लेख त्या एका प्रश्नातून जन्मला आहे.

प्रारंभीच एक कबुली देणे आम्हांस प्राप्त आहे. लाउंज म्हणजे काय, हे आम्ही केवळ ऐकून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी परदेशी राहणाऱ्या लेकीकडे जाताना जावईबापूंच्या कार्डावर आम्ही अशाच एका लाउंजमध्ये तीन तास काढले. खोटे कशाला बोलावे? आम्हांला तेथे आवडले. मऊ सोफा, गरम इडली, स्वच्छ स्नानगृह, कानाला त्रास न देणारी शांतता. मात्र बाहेर पडताना काचेपलीकडे एक तरुण आई तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन फरशीवर बसलेली दिसली. आमचे विमान एकच होते. तीही वाट पाहत होती, आम्हीही वाट पाहत होतो. फरक इतकाच, की आमच्या वाट पाहण्याला गादी होती. तेव्हा जो दोष आम्ही दाखविणार आहोत, त्यात आमचाही वाटा आहे, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.

ही व्यवस्था आभाळातून पडलेली नाही. १९३९ साली अमेरिकन एअरलाइन्सने न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर पहिला लाउंज उघडला, तो निवडक पाहुण्यांसाठी होता. बिझनेस क्लास हा वर्ग रूढ झाला १९७० च्या दशकाच्या अखेरीस, आणि त्या वर्गात पूर्ण आडवे होणारे आसन आले ते २००० च्या सुमारास. आपल्या देशात तर विमान आणि राजेपण यांची सांगड फार जुनी आहे. एअर इंडियाचा महाराजा १९४६ चा. १९७१ साली आलेल्या तिच्या पहिल्या जंबो विमानाचे नाव ‘सम्राट अशोक’, आणि त्याच्या वरच्या मजल्यावर लाउंज होता! पुढे याच कंपनीच्या बोइंग ७७७-३००ईआर विमानांत जी मांडणी होती, तीत पहिल्या वर्गाची ४, बिझनेसची ३५ आणि इकॉनॉमीची ३०३ आसने होती. पडद्याच्या पुढे एकोणचाळीस, मागे तीनशे तीन. आपल्या समाजाचे याहून बोलके चित्र कोणता चित्रकार काढील?

आता वाचकांना आम्ही विमानतळावरून शहापूर आणि मुरबाडकडे नेऊ इच्छितो. या दोहोंचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध पाण्याचा आहे. मुंबईला सात तलाव पाणी पुरवितात. त्यांपैकी तानसा, भातसा आणि मोडकसागर हे शहापूर तालुक्यात वा त्याच्या सीमेवर आहेत. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जात आहे. आज मुंबईच्या पाण्यातील निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसाचा आहे. पिसे आणि पांजरापूर येथून ते पाणी शहराकडे जाते. तेथे ते आमच्या स्वयंपाकघरात येते, हॉटेलांत जाते, आणि त्याच शहरातील विमानतळही त्याला अपवाद नाही. मुरबाडच्या अंगणातील बारवी धरणाचे पाणी कारखान्यांना आणि कल्याणच्या आसपासच्या शहरांना जाते.

आणि ज्यांच्या उशाला ही धरणे आहेत, त्यांचे काय? ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण जणू त्यांच्यासाठीच घडली. उन्हाळा आला, की शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहणे सुरू होते. टँकर येतो, पाणी विहिरीत ओततो, आणि बायका तेच पाणी पुन्हा दोराने शेंदून काढतात. शहापूरची तहान भागविण्यासाठी शेजारच्या इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून पाणी आणण्याची योजना आखावी लागली, यापेक्षा अधिक कडवट विनोद कोणता? स्वतःची विहीर शेजाऱ्याला देऊन आपण दुसऱ्याच्या दारी घागर घेऊन उभे राहावे, तसे हे आहे.

एका उपवासकाळात आम्ही काही धर्मग्रामस्थांसह औषधे घेऊन मुरबाडच्या एका डोंगराळ वाडीवर गेलो होतो. मोटार जेथे थांबली, तेथून तासभर पायवाट होती. अर्ध्या वाटेत वरून चार माणसे उतरताना दिसली. खांद्यावर बांबू, बांबूला बांधलेली गोधडीची झोळी, आणि झोळीत एक गरोदर बाई. सोबतची म्हातारी पुढे होऊन दगड बाजूला सारीत होती. आम्ही वाट दिली. बाईने डोळे उघडून आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा मिटले. ती सुखरूप बाळंत झाली, हे आम्हांला नंतर कळले; पण रस्ता नसलेल्या कित्येक पाड्यांवरून अशा झोळ्या आजही उतरतात, आणि त्या सगळ्यांचा शेवट असा गोड होत नाही. शहापूर तालुक्यातूनच जाणारा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी त्याच्या अखेरच्या टप्प्यासह खुला झाला. त्यावरून मोटारी भरधाव धावतात. जवळपासच्या पाड्याला मात्र रुग्णवाहिका पोहोचत नाही.

आडवे होऊन प्रवास करण्याचे दोन प्रकार आहेत, हे त्या दिवशी आम्हांला समजले. एकासाठी लाखो रुपये मोजावे लागतात. दुसऱ्यासाठी चार शेजाऱ्यांचे खांदे लागतात.

येथे आक्षेप घेतले जातील, आणि त्यांना बगल देण्याची आमची इच्छा नाही.

पहिला आक्षेप: पैसा ज्याचा त्याचा, त्याने घाम गाळून मिळविला, तो त्याने हवा तसा खर्चावा. आम्ही कोणाच्या खिशाचे चौकीदार नाही. परंतु विमानातील जागा केवळ पैशाने निर्माण होत नाही. एक आडवे आसन अनेक बसक्या आसनांची जागा खाते, आणि म्हणून त्या प्रवाशाच्या वाट्याला इंधनही अधिक येते. ब्रिटिश शासन धुराचा जो हिशोब प्रसिद्ध करते, त्यानुसार लांब पल्ल्याच्या प्रवासात बिझनेस क्लासच्या प्रवाशाचा वाटा इकॉनॉमीच्या सुमारे तिप्पट आणि पहिल्या वर्गाचा चौपट धरला जातो. तो धूर तिकीट काढणाऱ्याच्या अंगणातच राहत नाही. पाऊस लहरी झाला, की पहिला फटका मुरबाडच्या भातखाचराला बसतो; आणि त्या शेतकऱ्याने आयुष्यात विमान पाहिले असेल ते केवळ रात्री डोंगरावरून सरकणाऱ्या दिव्याच्या रूपाने.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे: पुढचे लोक भरपूर मोजतात, म्हणूनच मागच्यांना तिकीट स्वस्त मिळते. यात काही तथ्य आहे. पण नाण्याची दुसरी बाजू १८४९ सालीच झ्युल द्युपुई या फ्रेंच अभियंत्याने दाखविली होती. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर का नसते, याचा विचार करताना त्याच्या ध्यानात आले, की छपराचा खर्च हे त्याचे कारण नव्हे. दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये, म्हणून तिसरा वर्ग मुद्दाम गैरसोयीचा ठेवला जातो. गरिबाला चटका बसतो, तो श्रीमंताला भिवविण्यासाठी! मागच्या रांगांत गुडघे समोरच्या पाठीला टेकतात, ते पाहूनच पुढचे तिकीट खपते. मागच्यांचे हाल हीच पुढच्या वर्गाची जाहिरात आहे. अशा जाहिरातीला आपण उपकार म्हणावे काय?

तिसरा आक्षेप मध्यमवर्गीय आहे: “आम्ही कुठे पैसे दिले? कार्डावर पॉइंट्स होते, फुकट मिळाले.” बंधुभगिनींनो, फुकट काही मिळत नसते. कार्डाने दिलेल्या रकमेतून दुकानदाराला बँकेचे शुल्क द्यावे लागते, आणि दुकानदार ते मालाच्या किमतीत मिसळतो. रोख पैसे मोजून तेल-साखर नेणारी मोलकरीणही तीच किंमत देते. आपल्या ‘फुकट’ इडलीत तिचा एक दाणा आहे.

चौथा आक्षेप आम्हांला पूर्णपणे मान्य आहे. ज्यांचे गुडघे गेले आहेत, ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांना दहा तास बसून राहिल्याने पायांत रक्त साकळण्याचा धोका आहे, त्यांनी अवश्य पुढच्या वर्गाने जावे. नव्हे, त्यांच्या मुलांनी कर्ज काढून त्यांना तसे न्यावे. गरजेविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती मिरविण्याविषयी. आमच्या त्या सहा यात्रेकरूंमध्ये एकही आजारी नव्हता, आणि ज्या मावशींचे गुडघे खरोखर दुखत होते, त्या मागे बसल्या होत्या.

याकोबाच्या पत्रात एक प्रसंग रंगविला आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य आला, की त्याला मानाची जागा मिळते आणि फाटक्या वस्त्रांतील गरिबाला पायांशी बसविले जाते. असा भेद करणाऱ्यांना याकोब न्यायबुद्धी बिघडलेले न्यायाधीश ठरवितो. मंदिरातील बाकांवर हा भेद आज कोणी करू धजणार नाही. मग त्याच मंदिराच्या नावाने निघालेल्या यात्रेत तो का चालावा? पोप फ्रान्सिस जुलै २०१३ मध्ये ब्राझीलला निघाले, तेव्हा आपली काळी बॅग स्वतःच्या हातात घेऊन विमानाची शिडी चढले. ती बॅग उचलायला माणसे नव्हती, असे नव्हे. गांधीजी तिसऱ्या वर्गाने हिंडले, आणि १९१७ साली त्यांनी त्या डब्यांतील हालांविषयी लिहिले, तेही डब्यात बसून पाहिल्यावर. १९७४ साली आपल्या रेल्वेने तिसरा वर्ग हे नावही पुसले. जमिनीवर पुसलेली रेघ आपण आभाळात पुन्हा कौतुकाने ओढीत आहोत.

शिवाय ज्युबिली म्हणजे काय? जुन्या करारात पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ धन्याकडे परत जावी आणि गुलामाने आपल्या घरी परतावे, असा दंडक आहे. ज्यांच्या खोऱ्यांतील पाणी आपण पिढ्यानुपिढ्या पीत आलो, त्यांचे आपण देणे लागतो, असा याचा साधा अर्थ आम्ही घेतो.

केवळ टीका करून थांबणे बरे नव्हे, म्हणून तीन सूचना मांडतो. पहिली: धर्मग्रामाच्या नावाने निघणाऱ्या यात्रेचे एकच तिकीट असावे. पुढची जागा घ्यायचीच असेल, तर ती आजाऱ्याला मिळावी, आणि तिचा भार सर्वांनी वाटून घ्यावा. दुसरी: ज्या कुटुंबाला खासगी प्रवासात पुढच्या वर्गाचे तिकीट परवडते, त्याने एकदा मागे बसून पाहावे आणि वाचलेली रक्कम शहापूर-मुरबाडच्या एखाद्या पाड्यावर पाण्याच्या टाकीसाठी द्यावी. तिसरी सूचना सर्वांत अवघड, कारण तिला पैसा पुरत नाही: पाड्यांवरचे लोक पाणी आणि रस्ता मागण्यासाठी तहसील कचेरीवर जातात, तेव्हा त्यांचे पाणी पिणाऱ्या आपणही त्यांच्या रांगेत उभे राहावे. दान दिले, की देणारा मोठा होतो. रांगेत उभे राहिल्याने मात्र कोणी मोठा होत नाही.

मुरबाडला अद्याप रेल्वे नाही. त्या वाडीवरून परतताना मोटार बिघडली, आणि आम्हांला एस.टी. स्थानकात दीड तास बसावे लागले. सिमेंटचा एकच लांब बाक होता. त्यावर एक शिक्षक होते, कोंबड्यांची पाटी घेतलेली एक बाई होती, वीटभट्टीवरून परतणारे एक कातकरी कुटुंब होते, आणि आम्ही होतो. बाईने पाटी जरा सरकविली आणि म्हणाली, “बसा, जागा हाय.” तिने आमचे कार्ड विचारले नाही.