पलंगाचे टेबल

तुम्ही घरी अभ्यासाला कोठे बसता? हा प्रश्न मी वर्गात विचारला. कोणी पलंगावर, कोणी जमिनीवर, तर कोणी मांडीवर वही ठेवून लिहीत होते. एक मुलगी म्हणाली, "टीचर, घरात टेबल ठेवायला जागाच नाही."

माझ्या घरीही हेच होते. आमचे घर दोन खोल्यांचे. माझी मुलगी सातवीत गेली, तरी मांडीवरच वही ठेवून लिहीत असे. त्याच घरात चार फूट लांब आणि दोन फूट रुंद असा एक सागवानी पलंग अडगळ होऊन पडला होता. चारही बाजूंना कठडे असलेला हा लहान पलंग माझ्या अब्बांनी २०१२ साली, तिच्या जन्माच्या वेळी करून दिला होता. आता त्यात जुन्या गोधड्या भरल्या होत्या.

मी म्हटले, "याचेच टेबल करू या." तिची दादी म्हणाली, "लोक काय म्हणतील? मुलीला साधे टेबल घेता येत नाही?" मुलगी रडवेली झाली. "अम्मी, तो बाळाचा पलंग आहे. मैत्रिणी हसतील." खरे सांगायचे तर माझेही मन तयार नव्हते. अब्बा आता हयात नाहीत. त्यांच्या वस्तूला करवत कशी लावायची?

पण मी विचार केला. अब्बांनी पलंग दिला तो नातीसाठी, गोधड्यांसाठी नव्हे. वस्तू नुसती ठेवून दिली म्हणजे आठवण जपली, असे मला वाटत नाही. मुलीचे म्हणणेही चूक नव्हते. मोठ्या होणाऱ्या मुलांना बाळाची वस्तू नको वाटते. म्हणून मी तिला सांगितले, "टेबल कसे हवे ते तूच ठरव."

तिने स्वतः माप घेतले. पाय जमिनीला टेकवून ती खुर्चीवर बसली, कोपरात हात वाकवला आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजली. तीच टेबलाची उंची ठरली. सुताराने पुढचा लांब कठडा काढला. तळाची फळी वर उचलून त्या उंचीवर स्क्रूने पक्की बसवली व तिच्यावर प्लायवूड लावले. पायांना वर आणखी भोके पाडून ठेवली. मुलगी वाढेल तशी फळी वर सरकवता येईल. मागच्या कठड्याला दप्तर अडकवायची सोय झाली.

एक काळजी मात्र घ्यावी. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ मुलांना फार अपायकारक असते. भारतात घरगुती रंगांतील शिसे दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१६ साली झाला व नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आमचा पलंग त्याआधीचा. म्हणून सुताराने मास्क लावून, घराबाहेर, पाणी लावूनच रंग घासला. मुलांना आम्ही दूर ठेवले.

दादीने विचारले, "घरात पुन्हा बाळ आले तर?" प्रश्न योग्य होता. नात्यात किंवा शेजारी कोणाला पलंगाची गरज असेल, तर तो तसाच द्यावा. पहिला हक्क बाळाचा. पण एकदा कापलेला पलंग पुन्हा जोडून बाळाला त्यात झोपवू नये. सैल झालेले सांधे बाळाला धोक्याचे असतात.

नवे टेबल घेणे वाईट नाही. परंतु ते घेता येत नाही म्हणून मुलाने वर्षानुवर्षे मांडीवर वही ठेवून लिहावे, हे मला पटत नाही. अडगळीला घरात जागा मिळते, मग अभ्यासाला का मिळू नये?

आज घरी गेल्यावर जरा शोधा. जुना पलंग, लहान मेज, एखादी फळी काहीतरी सापडेल. आधी मोठ्यांना विचारा. मग आपल्या कोपराची उंची मोजा.